बीपीचं मशीन, सातव्या महिन्यापासून आजपर्यंत: मशीन उत्तम, पट्टा दळभद्री

पट्ट्याची रबरी नळी मशीनला जोडतात तिथेच चिरली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, वॉरंटी मशीनची असते, पट्ट्याची नाही." पट्ट्याशिवाय ते मशीन करायचं काय? हे ऐकून डोकं फिरलं, म्हणून सगळंच लिहिते. दंडाला बांधायचं नेहमीचं डिजिटल मशीन आहे, फीचर्स सांगत बसत नाही.

घेतलं ते सुजेपायी. मे महिन्यात गुहागर तालुक्यात माहेरी आले, सातवा लागला होता. त्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत घोटे दिसेनासे व्हायचे, जोडवी रुतायची, नडगीवर बोट दाबलं की खळगा राहायचा. आई म्हणे, "पाय सुजतातच गो, मीठ सोड." डॉक्टरांनी मीठ सोडायला साफ नकार दिला. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या शिरेवर दाबतं, म्हणून पायांत पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात ते जास्तच. पाणी कमी करायचं नाही, लघवी वाढवणारी गोळी मनाने घ्यायची नाही. फक्त सुकी मासळी, पापड, लोणच्यावर हात आवरायचा. डाव्या कुशीवर झोपणं, दुपारी उशीवर पाय वर ठेवून पडणं आणि अंगणात थोडं चालणं, एवढ्यावर सकाळी सूज पुष्कळ उतरलेली असायची. "सकाळीही उतरली नाही किंवा तोंडावर, हातांवर आली तर बीपी बघायचं," असं त्यांनी बजावलं. चिपळूण तासाभराहून लांब, म्हणून मशीन घरात आणलं.

आता पट्टा. सोबत येतो तो 22 ते 32 सेंटीमीटर दंडासाठी. हे खोक्यावर ठळक छापायला काय जातं? आतल्या पुस्तिकेत बारीक इंग्रजी अक्षरांत आहे, आणि सातव्या महिन्यातली बाई ते भिंग घेऊन वाचणार का? दंड जाड आणि पट्टा तोकडा असला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. घरी वरचा आकडा 138, आरोग्य केंद्रात 122, आणि आमच्या घरात रात्रभर काळजी. शेवटी तिथल्या सिस्टरनी टेपने दंड मोजला, 34 भरला. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, मशीनच्या जवळपास तिसरा हिस्सा पैसे घालून. त्या पैशात बाळाची दुपटी आली असती.

तेव्हा मी याला एकच तारा दिला असता. पण मोठा पट्टा लावून मशीन केंद्रात नेलं, सिस्टरनी त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिलं, तर फरक दोन-चार अंकांचाच. तिथून माझं मत बदललं.

जुलैत, भर पावसात, एका सकाळी पापण्या जड वाटल्या आणि अंगठी बोटातून निघेना. लघवीला जाऊन आले, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसले आणि मोजलं: 146/94. थोड्या वेळाने पुन्हा 144/92. डॉक्टर फोनवर म्हणाले, 140/90 च्या वर आहे, आजच या. 160/110 असतं, किंवा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं यांतलं काहीही असतं तर क्षणभर न थांबता 108 ला फोन करायला सांगितलं असतं. लघवीत प्रोटीन नव्हतं, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, बीपीची गोळी सुरू झाली. रोज दोनदा मोजून वहीत लिहायचं ठरलं. 37 आठवडे भरल्यावर कळा आणून प्रसूती झाली. मुलगी छान आहे. मला तेव्हा डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती. आकडा दिसला नसता तर पावसात कोण चिपळूणला गेलं असतं?

बाळंतपणानंतर मशीन माळ्यावर टाकू नका. हा त्रास प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंतही उपटू शकतो, डॉक्टरांनी तोवर मोजायला लावलं होतं. आणखी एक त्यांनी सांगितलेलं: एकच पाय सुजला, पोटरी दुखते, लाल आणि गरम लागते, तर ती साधी सूज समजायची नाही. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दाखवायचं. त्यावर तेल चोळत बसायचं नाही, जे आपल्याकडे हमखास होतं.

बारीकसारीक: पावसाळ्यात वीज जाते तेव्हा सेलवरच चालवावं लागतं, अॅडॅप्टर वेगळा विकत घेऊ नका. खाऱ्या हवेत सेलच्या पत्र्यांना गंज चढतो, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.

मशीनला पाचपैकी साडेचार तारे. पट्ट्याला शून्य: दमट हवेत चिकटपट्टी सैल झाली, नळी वर्षभरही टिकली नाही, वर वॉरंटी नाही. विकत घेताना दुकानातच टेपने दंड मोजून मागा आणि पट्ट्याची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मी लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.