ॲटम नेटबुकवर अँटिएक्स: काही महिने रोज वापरून

जुन्या मशीनसाठी कोणतं लिनक्स घ्यावं असं विचारलं की लगेच रॅमचे आकडे सुरू होतात. हे दोनशे एमबीत चालतं, ते शंभरात, अमुक तर पन्नासातही. आकडे खोटे नसतात, पण ते रिकाम्या डेस्कटॉपचे असतात आणि रिकाम्या डेस्कटॉपकडे बघत कोणी बसत नाही. ब्राउझर उघडला की सगळ्या हलक्या सिस्टम जवळपास एका ओळीत येतात. म्हणून अँटिएक्स ही हलकी लिनक्स सिस्टम निवडताना मी रॅमच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या: आपला प्रोसेसर तिथे अजून चालतो का, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ येत राहणार.

माझ्याकडचं मशीन २००८च्या पिढीतलं नेटबुक. ॲटम एन२७०, १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोअर, वाढवून २ जीबी केलेली रॅम, १०२४ बाय ६०० ची स्क्रीन. हा प्रोसेसर फक्त ३२-बिट म्हणजे जुन्या धर्तीचा आहे (आजचे ६४-बिट असतात) आणि इथेच लिनक्स सिस्टमची निम्मी यादी गळते. लुबुंटूने २०१९पासून ३२-बिट आवृत्ती काढणं बंद केलं. मिंटची मुख्य आवृत्ती २०पासून फक्त ६४-बिट. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने तर ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टमचा गाभा) दोन्ही काढून टाकले, त्यामुळे डेबियनवर उभ्या असलेल्या इतरांनाही त्याच वाटेने जावं लागतंय. तुमचा प्रोसेसर कोणता ते आधी बघा. कोणत्याही लाइव्ह (इन्स्टॉल न करता सिस्टम चालवणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून बूट करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ चालवलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ३२-बिट, ६४-बिट असं स्पष्ट लिहून येतं. कोअर टू डुओ असेल तर तो ६४-बिट आहे आणि तुमचं काम पुष्कळ सोपं. नुसता कोअर डुओ असेल तर नाही. नावात एका आकड्याचा फरक, पण त्याने सगळंच बदलतं.

पेन ड्राइव्हवरून तीन-चार सिस्टम चालवून पाहिल्या. पपी लिनक्स वेगाला सगळ्यात भारी, कारण ते अख्खं रॅममध्ये चढून बसतं आणि हार्ड डिस्कला हातही लावत नाही. पण त्यात मुळातच रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून काम करायचं आणि बदल वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये ठेवायचे, ही पद्धत मला रोजच्या कामाला रुचली नाही. हार्ड डिस्क मेलेली असेल तर मात्र पपीसारखं दुसरं नाही. टायनी कोअर ही हौसेची गोष्ट. त्यात एकेक तुकडा आपणच आणून जोडायचा. शेवटी अँटिएक्स २३ वर थांबलो. ते डेबियन १२ वर बांधलेलं आहे आणि डेबियन १२ची दीर्घकालीन सुरक्षा मुदत जून २०२८पर्यंत आहे. ३२-बिटवाल्याला याहून जास्त मागता येत नाही.

अँटिएक्समध्ये जीनोम, केडीई, एक्सएफसीई असा मोठा डेस्कटॉप नाही. आइसडब्ल्यूएम नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, बाजूला कॉन्की नावाचा छोटा प्रोग्रॅम रॅम आणि प्रोसेसरचे काटे दाखवत असतं. दिसायला नव्वदच्या दशकातलं. घरातल्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘हे बिघडलंय का?’ असंच विचारलं. मला सवय झाली, पण देखणेपणा हवा असणाऱ्याने इकडे फिरकू नये. मेन्यू तर नको इतका भरगच्च आहे. एकाच कामाला तीन-तीन प्रोग्रॅम, त्यातला कोणता उघडायचा हे कळायला आठवडा जातो.

छोट्या स्क्रीनचा त्रास वेगळाच. सेटिंगच्या काही खिडक्या सहाशे पिक्सेलपेक्षा उंच असतात, त्यामुळे ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ ही बटणं स्क्रीनच्या खाली गायब. आल्ट दाबून ठेवायचं, खिडकीत कुठेही माउसने धरायचं आणि अख्खी खिडकी वर ओढायची. शीर्षकाची पट्टी स्क्रीनबाहेर गेली तरी चालते. हे माहीत नसेल तर नेटबुकवर कोणतीही सिस्टम डोकं फिरवेल.

सुरुवातीला एक भलतंच दुखणं निघालं. वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची तक्रार. कारण घड्याळात निघालं. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, त्यामुळे प्लग काढला की तारीख कित्येक वर्षं मागे जायची आणि ब्राउझरच्या हिशेबाने आजची सर्टिफिकेटं अजून सुरूच झालेली नसायची. सीआर२०३२ सेल बदलला आणि विषय संपला. डेस्कटॉपमध्ये हा सेल नुसता खाचेत बसवलेला असतो; लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय विकत आणू नका.

आता ब्राउझर. बूट झाल्यावर कॉन्कीत रॅम दोनशे एमबीच्या आत असते. फायरफॉक्स उघडून मेल लावला की काटा सातशे-आठशेच्या पुढे, बातम्यांची एखादी साइट उघडली की हजाराच्या वर. दोन टॅबपर्यंत निभावतं. तिसऱ्याला हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही आणि माउसचा बाण उड्या मारत चालतो. दोन उपायांनी खरा फरक पडला. एक झेडरॅम: रॅमचाच एक भाग स्वॅप (रॅम कमी पडल्यावर माहिती ठेवायची जागा) म्हणून वापरायचा आणि त्यात माहिती दाबून भरायची, म्हणजे सिस्टम हार्ड डिस्ककडे कमी धावते. दुसरा, जुनी हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी. सिस्टम बदलून जेवढा वेग वाढला नव्हता तेवढा या एका बदलाने वाढला. प्रोसेसर आहे तिथेच आहे, त्यामुळे जाहिरातींनी लडबडलेली पानं अजूनही रडतखडतच उघडतात. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन इथे चैन नसून गरज आहे.

व्हिडिओच्या बाबतीत आशा ठेवू नका. यातली ग्राफिक चिप आजचे व्हिडिओ स्वतः उलगडू शकत नाही, सगळा भार त्या एकट्या कोअरवर. ब्राउझरमध्ये युट्युब म्हणजे स्लाइड शो. तीच लिंक एमपीव्ही प्लेअरमध्ये, एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार आणि ३६०पी हा कमी दर्जा निवडून चालवली तर नीट दिसते. भाषण, मुलाखत, गाणं ऐकायला एवढं पुरतं.

लिखाणाला मात्र हे मशीन मस्त आहे. जीनी एडिटर क्षणात उघडतो. लिबरऑफिस उघडायला वेळ खातं, पण एकदा उघडलं की टायपिंग अडखळत नाही. नोटोचे देवनागरी फॉन्ट टाकले, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दुसरा लेआउट जोडून इनस्क्रिप्ट सुरू केलं. जोडाक्षरं कुठेही फुटली नाहीत.

टर्मिनलची भीती असणाऱ्याला एक इशारा. अँटिएक्समध्ये सिस्टमडी (बहुतेक लिनक्समध्ये पार्श्वभूमीतल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) नाही. बहुतेक सूचनांमध्ये ‘सिस्टमसीटीएल’ने सुरू होणाऱ्या कमांड असतात, त्या इथे चालत नाहीत, त्याऐवजी ‘सर्व्हिस’ वापरावं लागतं. कळल्यावर काही वाटत नाही, पण नवखा माणूस तासभर तिथेच अडकतो.

पेंटियम ४चा डेस्कटॉप जिवंत करायचा विचार असेल तर थोडं थांबा. त्यातल्या काही मॉडेलांचा प्रोसेसर एकटाच शंभर वॉटच्या वरचा, एन२७० अडीच वॉटचा. दिवसभर चालवायचं तर फरक विजेच्या बिलात दिसेल आणि बदल्यात कामगिरी काही थोर मिळणार नाही.

३२-बिटचा शेवटही आता दिसतोय. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६मध्येच सोडलं. फायरफॉक्सची १४४ ही ३२-बिट लिनक्सवरची शेवटची नेहमीची आवृत्ती; ईएसआर १४०ला (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती) सप्टेंबर २०२६पर्यंत तरी अपडेट मिळतील असं मोझिलाने सांगितलं आहे. त्यानंतर मी यावर बँकेचं किंवा मेलचं काम करणार नाही. लिखाण, पीडीएफ आणि संगीत चालू राहील. कोअर टू डुओ आणि ४ जीबी रॅम असलेल्यांना ही कटकट नाही. त्यांनी सरळ एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, मेन्यू समजायला सोपा आणि दिसायलाही बरं. ३२-बिटवाल्यांनी अँटिएक्स उतरवताना जागा असेल तर ‘फुल’ ही मोठी आवृत्ती घ्या. ‘बेस’मध्ये लिबरऑफिस मागाहून टाकावं लागतं आणि ॲटमवर एवढं मोठं पॅकेज बसवायला फार वेळ जातो.