एलपीजी किट, कच्ची पावती आणि माझे ४१,७०० रुपये

मी लेखा विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. दुसऱ्यांची बिले तपासणे आणि पावतीवरची खाडाखोड पकडणे यातच आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या मुलाच्या वयाच्या एका गॅरेजवाल्याने मला कच्च्या पावतीवर गंडवले. घरात अजूनही पूर्ण आकडा कोणाला ठाऊक नाही.

मुलगी पुण्याला असते. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून साताऱ्याहून महिन्यातून दोन खेपा करणे जड जाऊ लागले. गाडी २०१२ ची वॅगन आर. सीएनजीची मोठी टाकी डिकी खाऊन टाकते आणि पंपावर रांगा लागतात, म्हणून एलपीजी बसवायचे ठरवले. महामार्गालगतच्या त्या गॅरेजात भाव ठरला ३२,५०० रुपये : १०,००० आगाऊ, १८,००० बसवल्यावर आणि ४,५०० ‘पासिंग’चे, म्हणजे आरसी पुस्तकावर नोंद करून आणण्याचे. पक्के बिल मागितले तेव्हा ‘जीएसटी वेगळा पडंल काका’ असे उत्तर मिळाले, आणि मी, ज्याने पक्क्या बिलाशिवाय कोणाचा रुपया कधी मंजूर केला नाही, तो कच्ची पावती खिशात घालून बाहेर पडलो. कर वाचवण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो.

ती दुपार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलेली गोल टाकी दाखवायला त्याने मला डिकीपाशी बोलावले. टाकीच्या पट्टीवर निर्मात्याचे नाव, क्रमांक, क्षमता आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते, एवढे मी वाचून गेलो होतो. म्हणून वाकलो, अक्षरे नीट लागेनात तेव्हा त्यांवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा काळा झाला. टाकी नवी आणि रंग ओला! पट्टीच्या दोन रिव्हेटांपैकी एक चकचकीत होते आणि दुसरे गंजलेले. ‘गंज धरू नये म्हणून हात मारलाय काका, घाटात पाणी उडतंय न्हवं,’ असे म्हणत त्याने रॉकेलच्या बोळ्याने माझा अंगठा स्वतःच पुसून दिला. टाकी डिकीच्या आत असते, तिथे पाणी कुठून उडणार, हा प्रश्न मला रात्री जेवताना सुचला. सुचूनही मी गप्प बसलो, कारण १८,००० रोख देऊन झाले होते आणि आपण मूर्ख ठरलो हे मान्य करण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणे सोपे होते. टाकी पाहिल्याखेरीज आणि पट्टीचा फोटो घेतल्याखेरीज पैशाला हात लावू नका.

किट मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा म्हणून त्याने पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली होती. मान्यता गाडीच्या मॉडेलनुसार असते, आणि त्या झेरॉक्सवर माझ्या गाडीचे मॉडेलच नव्हते, हे मी पाच महिन्यांनी वाचले. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला गॅस सोडणारा स्वतंत्र इंजेक्टर असलेले सिक्वेन्शियल किट सांगून, सगळ्यांना एकाच मिक्सरमधून गॅस देणारे जुन्या पद्धतीचे मिक्सर किट बसवले, हेही तेव्हाच कळले. बॉनेट उघडून इंजेक्टर मोजणारे आपल्यात किती असतात?

शंका आली ती पंपावर. टाकी ४२ लिटरची, आणि उन्हात द्रव प्रसरण पावतो म्हणून ती ८० टक्केच भरायची असते, म्हणजे ३३.६ लिटरला झडपेने आपोआप भरणे थांबवायला हवे. मीटर ३७ च्या पुढे गेला तेव्हा पंपावरच्या पोराने घाबरून नोझल सोडले. नंतर बंद गाडीत वास येऊ लागला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने डिकीच्या तळाशी साचतो, आणि मी मात्र काचा खाली करून समाधान मानत होतो. त्याच गॅरेजवाल्याने व्हेपोरायझरचे, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणाऱ्या भागाचे, कारण सांगून आणखी २,८०० घेतले. अखेर कराडच्या एका मेकॅनिकने रंग खरवडला. पट्टीखालच्या चाचणीचे साल निघाले २००९. ही चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. सगळे उतरवून गाडी पूर्ववत करण्याचे त्याने ६,४०० घेतले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता कार्यालयांचे. ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर माझ्या गाडीचे इंधन तोवर ‘पेट्रोल’ एवढेच दिसत होते. ते मी रोज पाहू शकत होतो आणि एकदाही पाहिले नाही. परिवहन कार्यालयात (कोणते ते लिहीत नाही, आपल्या भागात सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर अशी कितीतरी आहेत) तीन खेपा घातल्यावर साहेबांनी मलाच कायदा ऐकवला : परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्यानुसार दोषी गाडीचा मालक, आणि दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. कायदा बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण उघड्यावर दुकान थाटून पंधरा-पंधरा गाड्या रांगेत लावणाऱ्याकडे एकही निरीक्षक फिरकत नाही, आणि तक्रार घेऊन स्वतः चालत आलेल्या म्हाताऱ्याला मात्र कलम दाखवले जाते, याला काय म्हणावे? पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या हवालदारांकडून ऐकले. तिघांपैकी एकानेही टाकी पाहिली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि महिनाभराने समोरच्याकडून प्रतिसाद नसल्याचा संदेश आला. प्रतिसाद नाही म्हणूनच तर मी फोन केला होता.

‘पासिंग’चे पैसे आधी देऊ नका, आरसीवर इंधनाची नोंद स्वतः पाहा आणि मगच द्या. विमा कंपनीला लेखी कळवा. यातले मी काहीही केले नव्हते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील नसला तरी चालते. पण कागदावर सिद्ध होतील ते फक्त १०,०००, कारण त्या दिवशी खिशात रोकड नव्हती म्हणून तेवढे यूपीआयने दिले होते. टाकी पुरावा म्हणून परसात गोणपाटाखाली ठेवली आहे. परवा भंगारवाला आला, त्याने गोणपाट उचलून पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘अशा टाक्या गॅरेजवाले आमच्याकडनंच नेत्यात की, काका.’