तुर्भ्याच्या थ्रीडी प्रिंटवाल्यांकडून 'फाटरलांड' ह्या जुन्या जर्मन पॅसेंजर बोटीचं मॉडेल करून घेतलं

तुर्भे एमआयडीसीत एका गाळ्यात रेझिन प्रिंटिंग करतात, त्यांच्याकडून १:७०० चं, म्हणजे खऱ्या बोटीच्या सातशे पट लहान मॉडेल घेतलं, साधारण ४१ सेंटीमीटर. ४ स्टार. ठाण्यातल्या एका दुकानात आधी विचारलं होतं तर ते टायटॅनिकच गळ्यात मारायला बघत होते, अहो तिला चार धुराडी आणि हिला तीन!

इथल्या दादांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुठल्या सालची हवी? मी तिथेच खूश. कारण ह्या बोटीला जर्मन म्हणून मिळालेलं आयुष्य अगदीच थोडं, हँबुर्गला ब्लोम उंड फॉस यार्डात १९१३ ला पाण्यात उतरली, मे १९१४ ला न्यूयॉर्कची पहिली फेरी आणि ऑगस्टमध्ये युद्ध, मग न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेनच्या धक्क्यावर अडकून पडली ती १९१७ ला अमेरिकेने ताब्यात घेईपर्यंत. नाव झालं लेव्हायथन, लाखाच्या वर सैनिक नेले-आणले, अंगावर वेड्यावाकड्या पट्ट्यांचा युद्धरंग. नंतर पुन्हा पॅसेंजर बोट करायची तर जर्मन यार्डाने नकाशांचे अव्वाच्या सव्वा पैसे मागितले, मग गिब्ज नावाच्या इंजिनियरने माणसं लावून अख्खी बोट मोजून काढली आणि नकाशे नव्याने बनवले. ह्याला म्हणतात काम! १९२३ पासून धावली, धुराडी लाल-पांढरी-निळी, पण एवढं धूड पोसणं काही परवडलं नाही आणि १९३८ ला स्कॉटलंडमध्ये भंगारात गेली.

मी १९१४ ची सांगितली, पिवळसर धुराड्यांची. तो पिवळा मस्त जमलाय, भडक नाही. तिसरं धुराडं हवा खेळवायला, धूर फक्त पुढच्या दोनांतून, आणि त्यांचे नळसुद्धा मधून न नेता दोन बाजूंनी वर नेले होते म्हणून आत सलग मोठे हॉल मिळाले. मॉडेलमध्ये हे दिसणार नाही पण मला माहितीये ना, ते पुरे. लाइफबोटींच्या रांगा सुबक आल्यात, नखाएवढी एकेक बोट आणि त्यावर ताडपत्रीच्या सुरकुत्यासुद्धा.

एक स्टार कापला रेलिंगसाठी, फार जाड आलंय, सुतळीसारखं दिसतं, आणि मागच्या बाजूला प्रिंटच्या रेघा हाताला लागतात. सांगितल्यावर घासून परत प्रायमर मारून देतो म्हणाले, वेगळे पैसे नाहीत. ऑर्डर देताना रेलिंग पितळी पत्र्याचं लावून द्या असं आधीच सांगा, थोडं महाग पडतं पण करून देतात.