सुईचा थर्मामीटर स्वयंपाकात: काही महिन्यांच्या वापरानंतर

चिकन आतून कच्चं राहू नये एवढ्यासाठीच हा थर्मामीटर घेतला होता. काही महिने वापरल्यावर लक्षात आलं, की कच्चं राहण्याची वेळ फार क्वचित येते. खरा घोळ गरजेपेक्षा जास्त शिजवण्याचा असतो, आणि याचा उपयोग मला तिथेच सगळ्यात जास्त झाला. साधा, घडीच्या सुईचा डिजिटल प्रकार आहे. सुई उघडली की चालू होतो, दोन-तीन सेकंदांत आकडा स्थिरावतो. फोनला जोडायचे, अ‍ॅपवाले प्रकारही मिळतात, पण मला त्यांची गरज वाटली नाही. (खालचे सगळे आकडे सेल्सिअसमधले.)

चिकनचा सुरक्षित आकडा ७४ अंश. अमेरिकेच्या कृषी खात्याची ही शिफारस आहे आणि घरच्या वापराला ती सोयीची पडते. आता छातीचा तुकडा घ्या. स्नायूंतली प्रथिनं साधारण ५० अंशांपासून आवळायला लागतात आणि पासष्ट-सत्तरच्या पुढे रस भराभर बाहेर पिळला जातो. म्हणजे ७४ ला तुकडा सुरक्षित झालेला असतो आणि रसही बऱ्यापैकी शिल्लक असतो. नजरेच्या अंदाजावर मात्र ‘अजून पाच मिनिटं राहू दे’ असं म्हणत आपण ८५ च्या पुढे जातो आणि तो वातड होतो. मोठा तुकडा असेल तर मी सत्तर-एकाहत्तरलाच आच बंद करून झाकून ठेवतो. आतलं तापमान त्यानंतरही तीन-चार अंश चढतं, आणि ते ७४ वर पोचलं की नाही हे सुईनं पाहता येतं.

मांडीच्या तुकड्याचं उलट. ७४ ला तो खाण्याजोगा असतो, पण चावताना रबर चावल्यासारखा लागतो. त्यातलं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन विरघळून मऊपणा यायचा तर ८० च्या वर बराच वेळ ठेवावं लागतं. एकाच कोंबडीचे दोन भाग आणि दोघांचे आकडे निराळे. सोबत आलेल्या कागदावर चिकनसमोर एकच आकडा छापलाय. तो सुरक्षिततेचा आहे, चवीचा नाही, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

रंगावर मी आता अजिबात विसंबत नाही. खिमा ७१ या सुरक्षित आकड्याला पोचायच्या आधीच आतपर्यंत तपकिरी होऊ शकतो, आणि कधी कधी पूर्ण शिजूनही गुलाबीच राहतो. सुटलेलं पाणी स्वच्छ दिसलं की झालं, हा ठोकताळाही तितकाच कच्चा. खिम्याला ७१ आणि लाल मांसाच्या अखंड तुकड्याला ६३ अंश व वर तीन मिनिटं विसावा, हा फरक मला आधी विचित्र वाटायचा. कारण सोपं आहे. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात, दळताना तेच आतपर्यंत मिसळले जातात.

आता या यंत्राचा आंधळा कोपरा. ते तापमान दाखवतं, वेळ दाखवत नाही, आणि जंतू मरतात ते दोन्ही जुळून आल्यावर. दूध पाश्चराइज करताना ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, दोन्ही चालतं. आधी काय घडून गेलंय, हेही पडद्यावरच्या आकड्याला ठाऊक नसतं. भाताचंच घ्या. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू (त्याचं सुप्त, चिवट रूप) उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानं मोडत नाही. असा भात मायक्रोवेव्हमधून वाफाळत काढा, सुई घाला, ७४ च्या वरचा आकडा येईल, आणि तरीही पोट बिघडेल.

म्हणून आता याचा निम्मा वापर मी शिजवताना नाही, तर गार करताना करतो. याची मला खरेदी करताना कल्पनाही नव्हती. ५ ते ६० अंशांचा पट्टा जंतूंच्या सोयीचा. अमेरिकेत हॉटेलांसाठी जो नमुना नियम आहे त्यात शिजलेलं अन्न ५७ वरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणायला सांगतात. मोठं पातेलं झाकण ठेवून ओट्यावर ठेवलं आणि दोन तासांनी मध्यभागी सुई बुडवली, तर आकडा २१ च्या जवळपासही नव्हता. कडेला हात लावला तर मात्र गार. आता दाट रस्से उथळ भांड्यांत वाटून गार करतो आणि फ्रिजमध्ये टाकतो.

राजम्याची गोष्ट वेगळी, तिथे जंतूंचा संबंधच नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते मोडायला खळखळून उकळी लागते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात सुई घालून पाहिली तर आकडा ८० च्या आसपास रेंगाळत होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार अशा अर्धवट तापवलेल्या दाण्यांची विषारी शक्ती कच्च्यापेक्षा पाचपट वाढू शकते. त्यांचा सल्ला: किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात अर्धा तास उकळा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० च्या वर जातं, त्यामुळे तिथे ही काळजी उरत नाही. मंद भांडं मला आवडतं, पण राजमा त्यात जाण्याआधी वेगळा उकळून घेतो.

खमंगपणा या सुईच्या आवाक्यात येत नाही. भाजल्याचा तो वास आणि तपकिरी रंग साधारण १४० अंशांपासून झपाट्यानं यायला लागतो. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही, म्हणून उकडलेलं कधी खरपूस होत नाही. सुई आतलं मोजते, खरपूसपणा बाहेर घडतो. न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारी, लेझर दाखवणारी बंदूकही आणून पाहिली, पण चकचकीत स्टीलच्या तव्यावर ती भलताच कमी आकडा दाखवते. तुकडा तव्यावर टाकण्याआधी कोरडा पुसून घेणं जास्त कामाचं.

तळणाला मात्र सुई छान चालते, माझी ३०० अंशांपर्यंत मोजते. गार बटाटे एकदम टाकले की तेल किती खाली येतं ते पाहिल्यापासून थोडे थोडे टाकतो, मग ते तेलकट होत नाहीत. वरची मर्यादा १७५ ठेवलीय. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की आरोग्याला घातक ठरू शकणारं अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ साली स्वीडनमध्ये पुढे आलं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. सोनेरी झाले की काढायचे.

पोषणासाठी म्हणून हे घेऊ नका. क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं नासतं, त्यामुळे भाजी वाफवली किंवा कमी पाण्यात पटकन शिजवली की ते जास्त टिकतं. टोमॅटोमधलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य उलट तेलात शिजवल्यावर अंगी जास्त लागतं. यातलं काहीच सुई सांगत नाही.

मायक्रोवेव्हसाठी मात्र प्रत्येकानं एकदा तरी वापरावा. एकाच वाडग्यात कडेला ८० आणि मध्ये ४० अंश पाहिले आहेत. मध्ये एकदा ढवळायचं, दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि दोन-तीन ठिकाणी मोजायचं. सगळीकडे ७४ हवं.

तक्रारी थोड्या आहेत. हाडाला टेकलं की आकडा चुकतो. माशाच्या पातळ तुकड्यात सुई वरून नाही, आडवी घालावी लागते. बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का ते अधूनमधून बघा. उकळत्या पाण्यावर तपासणार असाल तर समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो, हे धरून चला. कच्च्यात घातलेली सुई साबणाच्या गरम पाण्यानं धुतल्याशिवाय शिजलेल्यात घालू नका. धुताना अडचण अशी, की सुईच्या सांध्यातून पाणी आत शिरतं. माझ्या पडद्यावर एकदा वाफ धरली होती, दोन दिवस उघडा ठेवल्यावर गेली. आता फक्त सुईच पाण्याखाली धरतो. नाण्यासारखी बॅटरी अजून पहिलीच चालू आहे.