‘प्रिंट टू फाइल’: आठ-नऊ महिने वापरल्यावर

विंडोजमध्ये प्रिंटची विंडो उघडली की कोपऱ्यात ‘प्रिंट टू फाइल’ (कागदाऐवजी फाइलमध्ये छापा) असा एक चौकोन दिसतो. दिसतो सगळ्यांना, टिक फारसं कुणी करत नाही. पीडीएफ एका क्लिकवर मिळत असताना या आडवाटेला जायचं कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या बाबतीत पर्याय नव्हता. हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, त्यात एक्स्पोर्टची सोय नाही. जे बाहेर येईल ते प्रिंटमधूनच. ते ज्या मशीनवर चालतं तिथे प्रिंटर नाही, आणि विंडोज इतकं जुनं की त्यात ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ही नाही, ते आलं २०१५ साली, विंडोज १० बरोबर.

टिक केल्यावर जी पीआरएन फाइल मिळते, ती म्हणजे ड्रायव्हरने (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रिंटरकडे जे पाठवलं असतं तेच, फक्त तारेऐवजी डिस्कवर उतरवलेलं. त्यामुळे ‘पीआरएन’ हा एकच एक फॉरमॅट नाही. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या भाषा. ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्टचा असेल तर आत पोस्टस्क्रिप्ट, पीसीएलचा असेल तर पीसीएल. कमी किमतीच्या बऱ्याच प्रिंटरांच्या फाइलमध्ये नुसते ठिपके असतात, तेही त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बांधलेले. अशी फाइल पुढे कशातही बदलून मिळेल ही आशा सोडलेली बरी. आत काय आहे ते नोटपॅडमध्ये उघडून कळतं. सुरुवातीला ‘@पीजेएल’च्या (प्रिंटरसाठीच्या सूचनांच्या) दोन-चार ओळी असू शकतात, त्यानंतर टक्का, उद्गारचिन्ह आणि ‘पीएस’ दिसलं तर काम सोपं. आणखी एक घोळ: एक्सेलही ‘पीआरएन’ नावाने सेव्ह करतं, पण तो रकाने स्पेसने जुळवलेला साधा मजकूर असतो. त्याचा प्रिंटरच्या भाषेशी काही संबंध नाही.

नंतर प्रिंट काढण्याचं काम या पद्धतीने उत्तम होतं, आणि मी ती टिकवून ठेवली ती यासाठीच. ज्या मशीनवर प्रिंटर आहे तिथे मूळ सॉफ्टवेअर लागत नाही, फॉन्ट लागत नाहीत, मांडणी तसूभर हलत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून फाइल थेट प्रिंटरवर कॉपी करायची, बस. कॉपी कमांडला ‘/बी’ मात्र जोडायलाच हवं. ते नसेल तर फाइल मजकूर म्हणून वाचली जाऊ शकते, आणि मध्येच कंट्रोल-झेडचा बाइट आला की ‘फाइल संपली’ असं समजून कॉपी तिथेच थांबते. अर्धं पान छापून प्रिंटर वाट बघत बसतो. यूएसबीच्या प्रिंटरला प्रिंटर जोडायचा जुना एलपीटी पोर्ट नसतो, म्हणून तो आधी शेअर करायचा आणि त्या शेअरच्या नावावर फाइल पाठवायची. दिवसभर फाइल एका फोल्डरमध्ये साठवून संध्याकाळी छोट्या बॅच फाइलने (कमांडच्या यादीने) एकदम छापणं हा माझा आता नेहमीचा क्रम झाला आहे.

अडचण येते ती प्रिंटर बदलला की. ही फाइल मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी, एकाच अंगाला बसणारी. कागदाचा आकार, ट्रे, दोन्ही बाजूंनी छपाई, प्रतींची संख्या सगळं आत पक्कं झालेलं असतं. फक्त तिसरं पान हवं असेल तर प्रिंटरला तसं सांगायची सोय नाही. वेगळी भाषा बोलणाऱ्या मॉडेलवर पाठवली तर एकेका ओळीत दोन-चार चित्रविचित्र चिन्हं असलेली पानंच्या पानं बाहेर पडतात. पहिलं तसं पान दिसताच जॉब रद्द करावा, नाहीतर अख्खा गठ्ठा जातो.

पीडीएफ करायचं असेल तर मी दुसरा रस्ता धरतो. विंडोजच्या जेनेरिक यादीत ‘एमएस पब्लिशर इमेजसेटर’ नावाचा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर सापडतो. प्रत्यक्ष प्रिंटर नसतानाही तो टाकता येतो, आणि पोर्ट म्हणून ‘फाइल’ निवडला की प्रत्येक वेळी नाव विचारून पोस्टस्क्रिप्ट लिहून देतो. ती फाइल घोस्टस्क्रिप्टला, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली की पीडीएफ तयार. पीसीएलसाठी त्याच घराण्यातलं घोस्टपीसीएल आहे. अक्षरं रेषांच्या रूपात राहतात, कितीही मोठं केलं तरी फाटत नाहीत. ड्रायव्हरने पानाचं चित्र केलं असेल तर मात्र ही चैन नाही. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए४ पान म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके. नुसतं काळं-पांढरं धरलं तरी दाबल्याशिवाय पानाला चार एमबीच्या वर जागा.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. पीडीएफ दिसायला निर्दोष असतं, जोडाक्षरं, रफार जागच्या जागी. पण त्यात ‘व्यवहार’ शोधायला जा, काही सापडत नाही. ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली तर भलतीच अक्षरं उमटतात. कारण प्रिंटरला अक्षराचा आकार पुरतो. तो आकार कुठल्या युनिकोड अक्षरांपासून बनला ही माहिती वाटेतच गळून जाते. लिंक आणि बुकमार्कही बहुधा असेच जातात. मग टेसरॅक्टसारख्या ओसीआरवर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भिस्त, आणि त्यातले आकडे डोळ्यांनी तपासणं आलंच. ज्या सॉफ्टवेअरमधून थेट पीडीएफ निघतं तिथे हा उद्योग करूच नये.

कुणी अनोळखी माणसाने पाठवलेली पोस्टस्क्रिप्ट फाइल उघडताना जरा जपून. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, म्हणजे ती फाइल एक चालणारा प्रोग्रॅमच असतो. घोस्टस्क्रिप्टमध्ये सुरक्षित मोड आपोआप चालू राहू लागला तो २०१९ च्या ९.५० आवृत्तीपासून, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती कुठे पडून असेल तर बदला. मॅकवाल्यांसाठी एक: २०२२ च्या व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून त्यातलं प्रिव्ह्यू पोस्टस्क्रिप्ट उघडत नाही.

वर्षानुवर्षं जपायच्या कागदांसाठी मी पीआरएन ठेवत नाही. प्रिंटर गेला की फाइलही गेल्यात जमा. छपाई झाली की पीआरएन काढून टाकतो, पीडीएफ ठेवतो. जी चार-दोन पुन्हा छापावी लागतात, त्यांच्या नावातच प्रिंटरचं मॉडेल, कागदाचा आकार आणि एकबाजू की दुबाजू हे लिहितो, कारण फाइलवर डबल क्लिक करून यातलं काहीच कळत नाही.