बार्बाडोस गटाने फिरायचंय: उघडी मोक, जीप की चालकासह व्हॅन?

बार्बाडोसला निघालेल्या गटात कुणीतरी मोकचा फोटो पाठवतंच. दारं नसलेली, वर कापडी छत असलेली, लिंबू किंवा फिरोजी रंगाची छोटी गाडी, मागे निळा समुद्र. लगेच ठरतं की आपणही हीच घ्यायची. पण गटात सहा ते आठ माणसं असतात, त्यात एखाद्या आजी आणि एखादं शाळेतही न जाणारं पोर असतं, आणि मोकमध्ये माणसं बसतात चार. म्हणून माझं मत आधीच सांगते: पूर्ण बेट पाहायच्या दिवशी चालकासह व्हॅन घ्या, आणि मोक दुसऱ्या एखाद्या सकाळी, अर्ध्या दिवसासाठी, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायला घ्या. जीप फार थोड्या गटांच्या कामाची आहे, पण ज्यांच्या कामाची आहे त्यांना तिच्याशिवाय मजा नाही.

आधी बेटाचा अंदाज घेऊ. उत्तर-दक्षिण साधारण 34 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 23. नकाशा पाहून वाटतं की जेवणापर्यंत फेरी संपेल. तसं होत नाही. वेगमर्यादा बहुतेक रस्त्यांवर ताशी 60 किलोमीटर, वस्तीत 40, आणि 80 फक्त एबीसी या मुख्य हायवेवर. आतले रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना उंच ऊस असला की पुढचं वळण दिसत नाही, आणि दिशादर्शक फलक हवे तिथे नसतात. पश्चिमेला शांत कॅरिबियन समुद्र, पूर्वेला खवळलेला अटलांटिक, मध्ये डोंगराळ भाग. हे सगळं एका दमात पाहायचं तर सकाळी नऊला निघून संध्याकाळ होते.

मोक

ही गाडी मुळात सैन्यासाठी आखली गेली होती. मिनी मोटारीचे जनक ॲलेक इसिगोनिस यांचंच हे काम. पण चाकं लहान आणि गाडीचं पोट जमिनीच्या फार जवळ, त्यामुळे खडबडीत जमिनीवर ती निरुपयोगी ठरली आणि सैन्याने नाकारली. 1964 मध्ये ती सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली आणि उन्हाळी बेटांवर रुळली. बार्बाडोसच्या पर्यटनाशी तिचं नातं जुनं आहे. आज भाड्याने मिळतात त्या बहुतेक नव्या बांधणीच्या, काही विजेवर चालणाऱ्याही. स्वभाव मात्र तोच राहिला आहे: डांबरी रस्त्यावर खुशीत, खड्ड्यात आणि चिखलात लाचार.

तिचं खरं सुख पश्चिम किनाऱ्यावर आहे. होलटाउनहून स्पाइट्सटाउनकडे जाणारा रस्ता बराचसा समुद्राला धरून जातो. झाडांच्या फटीतून पाणी दिसत राहतं, गाडी तीस-चाळीसच्या वेगाने चाललेली असते, शेजारून जाणारा माणूस हात करतो आणि आपणही करतो. काच नसल्यामुळे ते बेट अंगावर येतं: खारा वारा, कुठेतरी तळल्या जाणाऱ्या माशांचा वास, चर्चमधलं गाणं. मन केलं तिथे थांबा, वीस मिनिटं पोहा, ओल्या अंगाने परत बसा. चार धडधाकट माणसांसाठी याहून चांगली सकाळ मला सुचत नाही.

अडचणी पुढे सुरू होतात. मोकला दारं नसली तरी बाजूने पेटीसारखा रुंद, उंच काठ असतो. तो ओलांडून मग खाली सीटवर बसावं लागतं. माझ्या सासूबाईंनी गाडीच्या चौकटीला धरून एक पाय आत टाकला आणि दुसरा उचलताना गुडघा अडला. दिवसभरात असे दहा-बारा थांबे होतात, हे लक्षात घेतलं की ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. लहान मूल असेल तर त्याची सीट मागच्या बाकावर नीट बांधली जाते का, हे आरक्षणाच्या आधी लेखी विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर मोक घेऊ नका.

ऊन हा दुसरा मुद्दा. हे बेट 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून चटका कळत नाही. संध्याकाळी मांड्या आणि डावा-उजवा हात लाल झालेला असतो. रेक्झिनची सीट उन्हात तापते, तेव्हा प्रत्येकी एक जाड टॉवेल हवाच. पावसाची सर येते तीही न सांगता, विशेषतः जून ते नोव्हेंबरमध्ये. कापडी छताखाली समोरून आणि बाजूंनी पाणी आत येतं, पाच मिनिटांत सर थांबते आणि ओल्या सीटवर पुढचा प्रवास करावा लागतो. तरुणांना त्याची गंमत वाटते. कॅमेरा, पासपोर्ट आणि औषधांच्या पिशवीला नाही.

सामान कुलपात ठेवायची सोय मोकमध्ये नसल्यातच जमा. किनाऱ्यावर पोहायला जायचं तर एकाने गाडीपाशी बसायचं, किंवा मौल्यवान काही आणायचंच नाही.

आणि अंधार. सूर्य वर्षभर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. आतल्या रस्त्यांना दिवे कमी, कडेला चर, समोरून वेगाने येणारी गाडी. उघडी मोक उजेड असेपर्यंत परत आणावी असं मी आग्रहाने सांगेन.

जीप

इथे जीप म्हणजे सुझुकी जिम्नीच्या जातीची, कापडी किंवा काढता येणाऱ्या छताची छोटी फोर-व्हील ड्राइव्ह. उंच असल्यामुळे उसाच्या पलीकडचं दिसतं, पाऊस आला तर बंद करता येते, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या उखडलेल्या वाटांवर पोट घासत नाही. ज्यांना गर्दीपासून दूर, कोव्ह बेसारख्या जागा शोधत जायचंय त्यांनी हीच घ्यावी. पण दोन दारांच्या जीपमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं, आणि मागच्या सीटवर धक्के सगळ्यात जास्त बसतात. चार मोठी माणसं आणि पोहण्याच्या पिशव्या म्हणजे जागा संपली. कच्च्या वाटेवर झालेलं नुकसान विम्यात येतं का, हेही आधी विचारा. ‘फोर-व्हील ड्राइव्ह आहे’ याचा अर्थ ‘कुठेही न्या’ असा करारात क्वचितच असतो.

चालकासह व्हॅन

सहापेक्षा जास्त माणसं असली की माझ्या लेखी ही निवड जवळजवळ ठरलेलीच आहे. बार्बाडोसमधल्या टॅक्सींच्या पाटीवर सुरुवातीला झेड हे अक्षर असतं. त्यात मोठ्या व्हॅनही असतात. मीटर नसतो, ठरावीक अंतरांचे दर बांधून दिलेले आहेत, पण दिवसभराच्या फेरीचा भाव आधी बोलून घ्यायचा. बोलताना एक प्रश्न विसरू नका: बार्बाडोस डॉलर की अमेरिकन डॉलर? दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर पक्का बांधलेला आहे. नुसतं ‘डॉलर’ म्हणून होकार दिला तर बिल दुप्पट झाल्यासारखं वाटेल.

खर्चाचा हिशोबही वाटतो तसा नसतो. आठ जणांसाठी दोन मोक लागतात, म्हणजे दोन भाडी, दोन विमे, दोन अनामत रकमा, दोन्ही चालकांचे परवाने आणि पेट्रोल. ही बेरीज एका व्हॅनच्या दिवसभराच्या भावाशेजारी मांडून बघा. शिवाय दोन मोक म्हणजे गटातली दोन माणसं दिवसभर फक्त रस्ता बघणार. पुढची गाडी वळली आणि मागची सरळ गेली की अर्धा तास फोनवर जातो.

व्हॅनमधून काय पाहाल? ब्रिजटाउनहून निघून गन हिलचं सिग्नल स्टेशन (सैन्याचा जुना टेहळणी बुरूज), तिथून सेंट जॉनचं चर्च. चर्चच्या मागे गेलात की कडा एकदम तुटतो आणि खाली अख्खा पूर्व किनारा पसरलेला दिसतो. मग बाथशिबा. पाण्यात उभ्या असलेल्या प्रचंड शिळा, सर्फिंग करणाऱ्यांची आवडती ‘सूप बाउल’ लाट. इथे पोहायला उतरू नका, प्रवाह ओढून नेतो. खडकांमधल्या उथळ डबक्यांत पाय सोडून बसा. पुढे ईस्ट कोस्ट रोड, जो 1966 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते खुला झाला. त्याच्या आधी या पट्ट्यातून ब्रिजटाउनची छोटी रेल्वे जायची, ती 1937 मध्ये बंद पडली. नंतर चढ चढून चेरी ट्री हिल, जिथे रस्त्यावर महोगनीच्या झाडांची कमान आहे, आणि तिच्या पलीकडे सेंट निकोलस ॲबी हा सतराव्या शतकातला मळ्याचा वाडा. उत्तर टोकाला ॲनिमल फ्लॉवर केव्ह. गुहेत उतरायला पायऱ्या आहेत. ज्यांना नको त्यांनी वर कड्यावर बसून लाटा पाहिल्या तरी वसूल.

वाड्याचा इतिहास सांगताना उसाची आणि रमची गोष्ट रंगवून सांगितली जाते. हे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभे राहिले, त्याबद्दल चालकाला विचारा. तिथल्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं आणि माहितीफलक वाचणं यात फार फरक आहे. व्हॅन घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कुठला चढ कोणत्या मळ्याचा होता, मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) कुठे चांगली, शाकाहारी माणसाने काय खावं (बटाटा किंवा छोल्यांची रोटी, जी त्रिनिदादमार्गे आली आणि आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते), हे सगळं पुढच्या सीटवरून कळतं.

व्हॅनची उणी बाजू म्हणजे वेळेचं बंधन. चालकाचे ठरलेले थांबे असतात. तुम्हाला काय हवंय ते निघतानाच सांगा, खरेदीच्या दुकानात वेळ घालवायचा नसेल तर तेही.

स्वतः चालवणार असाल तर

वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच. पुण्या-नागपूरहून थेट येणाऱ्याला स्टिअरिंगची बाजू नवी नाही. आमच्यासारखे टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणारे मात्र सवय मोडलेले असतात. पहिला अर्धा तास वळण्याचा दिवा लावायला जाऊन वायपर सुरू होतो, आणि गोल चौकात शिरताना मेंदू दोनदा विचार करतो. अशांनी पहिली फेरी हॉटेलजवळच मारावी. एबीसी हायवेवर असे चौक एकामागून एक येतात आणि त्यांना सोबर्स, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट अशी नावं आहेत. क्रिकेटवेड्या माणसाने तिथे पाट्या वाचत बसू नये, बाहेर पडायचा रस्ता आधी बघावा.

परदेशी परवान्यावर चालवायला स्थानिक अभ्यागत परवाना लागतो. तो बहुधा गाडी देणारेच काढून देतात, पण मूळ परवाना हातात हवा. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर एच असतो, म्हणजे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं. मागून पांढरी झेडआर व्हॅन (ठरलेल्या मार्गावरची शेअर टॅक्सी) अगदी जवळ आली तर घाबरू नका, कडेला घेऊन तिला जाऊ द्या. ती एक छोटा हॉर्न देईल. तो आभाराचा असतो, रागाचा नाही.

बाथशिबाकडे मोक न्यायचीच असेल तर हॉर्स हिलचा उतार डोक्यात ठेवा. आपल्या घाटांइतका तो लांब नाही, पण तीव्र आहे. गिअरची गाडी असेल तर माथ्यावरच खालचा गिअर टाका. चार माणसांच्या वजनाने गाडी पुढे ढकलली जाते आणि सतत ब्रेक दाबून ठेवणं बरं नाही. विजेवरची मोक असेल तर चार माणसं आणि चढ धरून एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाते, ते स्पष्ट विचारून घ्या.

गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढा, स्टेपनी आणि जॅक बघा. टायर, समोरची काच आणि गाडीचा तळ विम्यातून वगळलेले असू शकतात. आणि एक वेगळीच गोष्ट: सैनिकी छापाचे कपडे घालणं बार्बाडोसमध्ये बेकायदा आहे, मुलांनासुद्धा. फोटोसाठी कुणी तशी टोपी घेतली असेल तर ती घरीच ठेवायला सांगा.

केन्सिंग्टन ओव्हल पाहायला मात्र यातलं काहीच नको. 29 जून 2024 रोजी रोहित शर्माच्या संघाने टी-20 विश्वचषक उचलला ते हे मैदान, आणि 1971 च्या दौऱ्यात गावसकरांनी नाबाद 117 केल्या त्याही इथेच. ते ब्रिजटाउनमध्येच आहे. बस पकडा. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, सरकारी बसमध्ये सुटे द्यावे लागतात. थांब्यावर ‘टू सिटी’ लिहिलं असेल तर बस शहराकडे, ‘आउट ऑफ सिटी’ असेल तर उलट.

धुरळा उडवत दगडधोंड्यांतून जाणारी बग्गी डोळ्यांसमोर असेल, तर तुमच्या मनात बहुधा अरुबा हे दुसरं कॅरिबियन बेट आहे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर तशा यूटीव्ही (खडबडीत वाटांसाठीच्या उघड्या बग्ग्या) फिरतात, पण अरिकोक राष्ट्रीय उद्यानात त्यांना बंदी आहे. मोककडून ती अपेक्षा ठेवू नका.

आठ जणांच्या गटासाठी माझी मांडणी अशी: दुसऱ्या दिवशी व्हॅनने पूर्ण फेरी, म्हणजे रस्ते ओळखीचे होतात. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ज्यांना हौस आहे त्या चौघांनी सकाळी आठला मोक घेऊन स्पाइट्सटाउन गाठायचं, बाकीच्यांनी हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर राहायचं. शुक्रवार आला तर ऑइस्टिन्सच्या मासळी जत्रेला सगळे टॅक्सीने, कारण तिथे रम आहे आणि परतताना अंधार. डिसेंबर ते एप्रिल हा गर्दीचा काळ. त्या दिवसांत मोक विमानाच्या तिकिटाबरोबरच आरक्षित करा. व्हॅन तिथे पोचल्यावरही एक-दोन दिवस आधी ठरवता येते.