कच्च्या वहीवर चालणारे दुकान: लिनक्स कर्नलच्या मेमरी-व्यवस्थेचे परीक्षण

गेली दहा-बारा वर्षे माझे पानमांडणीचे आणि स्कॅनिंगचे सगळे काम लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. डेस्कटॉपच्या रंगरूपाविषयी भरपूर लिहिले जाते. येथे मात्र परीक्षण आहे ते त्याखालच्या कर्नलचे, म्हणजे यंत्राची मेमरी आणि डिस्क सांभाळणाऱ्या गाभ्याचे, आणि तेही एकाच अंगाने: हा कर्नल रॅम कशी वापरतो आणि डिस्कवर अजून न पोहोचलेला मजकूर किती प्रामाणिकपणे सांभाळतो.

रॅम रिकामी पडून राहणे या कर्नलला मान्यच नाही. एकदा वाचलेली फाइल तो रॅममधल्या ‘पेज कॅश’ या साठ्यात ठेवून देतो, त्यामुळे 600 एमबीची स्कॅन-प्रतिमा दुसऱ्यांदा उघडताना डिस्कचा दिवासुद्धा लुकलुकत नाही. मेमरीचा हिशोब दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड चालवून ‘सगळी रॅम संपली’ म्हणून घाबरणाऱ्यांनी ‘फ्री’ याच नावाच्या रकान्याकडे न पाहता ‘अव्हेलेबल’ या रकान्याकडे पाहावे. त्यामागचा अंदाज कर्नल स्वतःच 3.14 या आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, देत आहे. कॅश रिकामी करून यंत्र ‘हलके’ करण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण त्याने एवढेच होते की तीच फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते.

वाचनापेक्षा लेखनाची व्यवस्था अधिक रंजक आहे. किराणा दुकानात गर्दीच्या वेळी कच्च्या वहीत नोंद होते आणि दुकान निवांत झाल्यावर ती पक्क्या वहीत उतरवली जाते, तसे येथे चालते. प्रोग्रॅमने फाइलमध्ये काही लिहिले की कर्नल ते 4 केबीच्या पानांवर रॅममध्ये नोंदवतो, त्या पानांवर ‘डर्टी’ (डिस्कवर अजून न उतरलेले) अशी खूण करतो आणि काम झाल्याचे सांगून प्रोग्रॅमला मोकळे करतो. पानांवरचा मजकूर डिस्कवर उतरवणारे कर्नलचे कामगार मूळ सेटिंगनुसार दर 5 सेकंदांनी जागे होतात आणि 30 सेकंदांहून जुना झालेला मजकूर लिहून काढतात. तयार होऊन काही क्षणांतच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलींना त्यामुळे अनेकदा डिस्कचे तोंडही पाहावे लागत नाही. ही वही कर्नलची असल्यामुळे प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी त्यातली नोंद टिकते. वीज गेली तर मात्र अर्ध्या मिनिटाचे काम सहज जाऊ शकते, म्हणून यूपीएसच्या खर्चात काटकसर करू नये.

आता तक्रार. मागच्या वर्षी छापखान्यात द्यायची दीड जीबीची फाइल मी टर्मिनलमधून एका स्वस्त पेन ड्राइव्हवर उतरवली. दोन सेकंदांत कमांड संपली, मी खूश झालो, पेन ड्राइव्ह ओढून खिशात घातला आणि निघालो. छापखान्यात फाइल उघडलीच नाही. चूक माझी होती, कारण अनमाउंट न करता, म्हणजे यंत्रापासून रीतसर सोडवल्याशिवाय, तो काढायचाच नसतो. तरीही परत आल्यावर मी तोच प्रयोग ‘प्रॉक मेमइन्फो’ या कर्नलच्या मेमरी-तक्त्यातला ‘डर्टी’चा आकडा समोर ठेवून केला. कमांड संपली तेव्हा तो चौदा लाख केबीच्या वर होता, आणि सेकंदाला जेमतेम 8 एमबी लिहिणारा तो पेन ड्राइव्ह हा ढीग उपसत असताना आकडा शून्याजवळ यायला तीन मिनिटे लागली. एवढा वेळ ‘झाले’ या शब्दाचा अर्थ ‘मी जबाबदारी घेतली आहे’ एवढाच होता.

याचे कारण मूळ मर्यादांमध्ये आहे. वापरता येण्याजोग्या मेमरीच्या 10 टक्के पाने ‘डर्टी’ झाली की मागच्या मागे लेखन सुरू होते, आणि 20 टक्क्यांच्या दिशेने गेल्यावर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच लगाम घातला जातो. रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जाई तेव्हा हे प्रमाण शोभत होते. माझ्या 16 जीबीच्या यंत्रावर 20 टक्के म्हणजे दोन-अडीच जीबी होतात, आणि वेगवान एसएसडीला किरकोळ असलेला हा साठा पेन ड्राइव्हसाठी पाच मिनिटांची हमाली ठरतो. उपाय साधा आहे: टक्क्यांऐवजी थेट बाइटमध्ये मर्यादा देणाऱ्या ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ आणि ‘डर्टी बाइट्स’ या सेटिंग मी 64 एमबी आणि 256 एमबी ठेवल्या. तेव्हापासून मोठी फाइल उतरवताना कमांड पेन ड्राइव्हच्या खऱ्या वेगाने चालते. मोठ्या प्रतिमा जतन करताना थोडा वेग जातो, तो मी चालवून घेतो. मात्र ही युक्ती सामान्य वापरकर्त्याला स्वतः शोधावी लागावी हे मला पटत नाही.

कर्नलच्या कर्त्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. 2009 मधल्या 2.6.32 आवृत्तीत जेन्स ॲक्सबो यांनी सर्व डिस्कसाठी असलेले सामायिक कामगार काढून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र कामगार दिला, त्यामुळे एका मंद डिस्कपायी बाकीच्यांचे लेखन अडणे कमी झाले. 2012 च्या 3.2 आवृत्तीत वू फेंगग्वांग यांनी लगामाची पद्धत बदलली आणि जास्त लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतः डिस्कवर लिहायला न जुंपता मोजून थांबवले जाऊ लागले. मूळ टक्केवारी मात्र तशीच राहिली, आणि माझ्या लेखी पाचपैकी एक तारा तेथेच जातो.

अर्धा तारा आणखी एका गोष्टीसाठी कापतो. महत्त्वाचा मजकूर खरोखर डिस्कवर गेला की नाही हे विचारण्यासाठी प्रोग्रॅमकडे एफसिंक ही हाक असते. लेखन फसले तर ती चूक सांगते, पण फसलेले पान अनेक फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थांमध्ये) ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर उतरलेले, धरले जाते, त्यामुळे तीच हाक दुसऱ्यांदा मारली तर ‘ठीक आहे’ असे उत्तर येऊ शकते. चूक संबंधितांपर्यंत नीट पोहोचावी म्हणून 2017 च्या 4.13 आवृत्तीत सुधारणा झाली होती, तरी 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना ही गोष्ट उमगली तेव्हा बराच गदारोळ झाला, कारण त्यांचा डेटाबेस पुन्हा हाक मारण्याच्या भरवशावर चालत होता. फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक फसल्यावर दुसऱ्यांदा विचारत बसत नाही. तो सरळ कोसळतो आणि आपल्या लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, पुन्हा उभा राहतो. हे वागणे बंद करणारी सेटिंगही त्यांनी दिली आहे. माझ्या स्कॅनच्या नोंदी त्याच डेटाबेसमध्ये आहेत, आणि त्या सेटिंगला मी हात लावलेला नाही.